कारभारी अण्णांच्या अंगठ्यावरची फवारणी

त्या दिवशी सकाळी आमच्याकडे नेहमीचंच चाललं होतं. गॅसवर दूध वर येत होतं, कुकर शिट्टी अडवून बसला होता, आणि आमचे हे एक मोजा हातात धरून दुसऱ्याची चौकशी माझ्याकडे करत होते, जणू तो मीच रात्री घालून झोपले होते. तेवढ्यात दारावर थाप पडली.

बेल आहे आमच्या दाराला. दाबली की आत चिमणी चिवचिवते. पण समोरच्या फ्लॅटमधले कारभारी अण्णा बेल दाबत नाहीत. "मानसानं मानसाला हाक मारावी, मधी चिमणीला कशाला घालायचं," असं त्यांचं म्हणणं. ते थाप मारतात, तीही मळ्यातल्या पत्र्याच्या दारावर मारावी तशी. ह्यांच्या हातातला होता तो मोजाही खाली पडला.

"ताई, वजनकाटा हाय का? बारका. ग्रॅमाचा."

मुलीनं केक शिकायच्या हौसेनं घेतलेला एक काटा आमच्याकडे होता. केक दोन झाले, त्यातला एक खाता आला. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, काटा मागे राहिला.

"आहे की. काय मोजायचंय अण्णा?"

"औषध."

"कसलं?"

"हाय जरा," म्हणून अण्णा काटा छातीशी धरून समोर गेले. अंगात पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी, पायात रबरी चपला आणि चपलांच्या आत मोजे. मे महिन्यातही हा माणूस मोजे काढत नाही हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. का काढत नाही, तेही ठाऊक होतं. आपलं गुपित अजून गुपित आहे असं वाटणारे बिल्डिंगमध्ये एकटे अण्णाच होते.

आमची सोसायटी नाशिकात म्हसरूळला, दिंडोरी रोडच्या जरा आत. इथले निम्मे फ्लॅट द्राक्षांनी बांधलेत. मळा दिंडोरीकडे, पोरांच्या शाळा इथे, आणि पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचेवर फवाऱ्याचे ठिपके. अण्णांचंही तसंच. दिंडोरीच्या पुढे त्यांची बाग. तरुणपणी वडिलांशी भांडून त्यांनी गव्हाच्या रानात द्राक्षं लावली. वडील म्हणाले होते, "शिपायासारखे खांब उभे करून ठेवलेस, आता पगार कोण देईल त्यांना?" पगार खांबांनीच दिला. पण त्यासाठी अण्णांच्या पायात पहाटे जे गमबूट चढायचे ते दिवेलागणीला उतरायचे. फवारणीचं पाणी वरून आत गळायचं, घाम आतून सुटायचा, आणि मधल्यामध्ये अण्णांचे पाय लोणच्यासारखे मुरायचे. त्या मुरलेल्या पायांवर अमितचं शिक्षण झालं, त्याचं दिंडोरीतलं शेतीऔषधांचं दुकान झालं, हा फ्लॅट झाला. उजव्या अंगठ्याचं नख तेवढं पिवळं पडलं, मग जाड झालं, मग शेजारच्या बोटालाही म्हणालं, तूही ये.

दोन वर्षांपूर्वी सगुणाबाई, म्हणजे अण्णांची बायको, गेल्या आणि अमित वडिलांना इथे घेऊन आला. मुलगा चांगला आहे हो. जरा मोठ्यानं चांगला आहे, एवढंच.

तर काटा गेला, ह्यांचा मोजा वॉशिंग मशीनमध्ये सापडला, हे गेले, आणि मी चहाचा कप घेऊन टेकते न टेकते तोच सखुबाई आली. सखुबाई आधी समोरचं काम करते, मग आमचं. त्यामुळे समोरच्या बातम्या मला धुतलेल्या भांड्यांसारख्या रोज ताज्या मिळतात. आज तिचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"वहिनी, समोरच्या मोरीत रंगपंचमीची रहाड झालीय, नुसता रंगाचा हौद. घासून घासून मेले. म्हातारं आता गॅलरीत बसलंय आन् पायाला रंग देतंय."

अमित दुकानावर गेलेला, त्याची बायको तृप्ती बँकेत. मी उठलेच.

अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. पुढे प्लास्टिकची बादली, बादलीत आकाशी रंगाचं दाट काही, बाजूला माझा केकचा काटा, त्याच्या ताटलीवर निळे खडे. मोजा काढलेला. हातात काठीला बांधलेला लांब ब्रश, वेलीच्या खोडांना रंगवायला असतो तो. त्या ब्रशनं ते लांबूनच अंगठ्यावर फराटे मारत होते. अर्धे अंगठ्यावर बसत होते, अर्धे फरशीवर.

"अण्णा, हे काय?"

"बोर्डो पेस्ट," ते म्हणाले. मेंदी काढतोय म्हणावं इतक्या सहजपणे.

ज्यांच्या घरात द्राक्षबाग नाही त्यांच्यासाठी सांगते. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून ही खळ करतात आणि छाटणीनंतर वेलीच्या खोडाला फासतात, म्हणजे खोडावर बुरशी चढत नाही. माणसाला कुणी फासल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"हे खोडाला लावतात ना?"

"मंग हे काय हाय? खोडच हाय. पंच्याहत्तर वर्साचं."

"अहो, पण..."

"बुरशीच ना ही? हाय का नाय बुरशी? तुम्ही शिकलेल्या. सांगा."

"बुरशीच आहे."

"बुरशीला मी जन्मभर मारत आलोय, ताई. डाऊनी मारली, भुरी मारली. पाऊस लागला तवा लोकांच्या बागा झडल्या, माझी उभी राहिली. मंग ही नखाएवढी बुरशी मला जड हाय का?"

मी बी.एस्सी. आहे, आणि तेही सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. त्या पदवीचा उपयोग मी आजवर विरजण लावायला केला. तरी तिच्या जोरावर मला या बोलण्यात खोट काढता येईना. शेवटी मी विचारलं, "आणि वजनकाटा कशाला?"

"परमाण चुकलं तर पानं जळत्यात," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "लोखंडी सळई बुडवून बघितली. तांबूस झाली नाय. म्हंजे चुना बरोबर बसला."

पानं नाही जळली. संध्याकाळपर्यंत अंगठ्याची कातडी मात्र भाजून फोड आला. "आग होतीय म्हंजे औषध लागू पडलंय," असं अण्णांनी सखुबाईला सांगितलं, आणि सखुबाईनं ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या जिन्याला.

हा उपाय शेवटचा होता. त्याआधी सोसायटीचे उपाय होऊन गेले होते. झालं असं, की तृप्तीनं आमच्या ग्रुपवर विचारलं, "एका नातेवाइकांच्या पायाच्या नखाला फंगस झालंय, घरगुती उपाय सांगा." नातेवाइकांचं नाव तिनं दिलं नाही. द्यायची गरजच नव्हती. चपलेत मोजे घालणारा नातेवाईक आमच्या बिल्डिंगमध्ये एकच. मग काय, एरवी पाण्याच्या टाकीचं विचारलं तर मौन पाळणारी माणसं खाडकन जागी झाली. तिसऱ्या मजल्यानं व्हिनेगर सांगितलं. पहिल्यानं लसूण ठेचून बांधायला सांगितला. कुणी खायचा सोडा, कुणी सर्दीचा बाम, कुणी कापूर घातलेलं खोबरेल. सेक्रेटरींच्या सौ.नी टी-ट्री नावाचं तेल सुचवलं, जे त्यांच्याकडेच विकायला होतं. अण्णांनी सगळं ओळीनं केलं. लसणाच्या आठवड्यात लिफ्टमध्ये शिरलं की भाजीला फोडणी बसल्यासारखं वाटायचं. नख होतं तसंच राहिलं. ते कुणाचंच ऐकायला तयार नव्हतं.

मग आपल्या विद्येवर विश्वास ठेवून अण्णांनी दुकानातून मोरचूद मागवलं. मुलाच्याच दुकानातून. "बागेला पाहिजे," असं सांगून.

आता तुम्ही म्हणाल, दोन वर्षं मोज्यात झाकून ठेवलेल्या अंगठ्याची एवढी घाई आत्ताच का? मलाही तो प्रश्न पडला होता. उत्तर त्यांच्या टीपॉयवर पडलेलं होतं. जाड, सोनेरी कडेचं, तिळगुळाच्या डब्याएवढं निमंत्रण.

"कारभारी अण्णांचा अमृतमहोत्सव. द्राक्षतुला व पाद्यपूजन सोहळा."

खाली दोन सोनेरी पावलं छापली होती. दहाच्या दहा नखं अशी गोलमटोल, की ती पावलं एक दिवसही गमबुटात गेली नसावीत. महोत्सव महिन्याभरानंतर, दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर. अण्णांना द्राक्षांनी तोलणार, आणि मग अमित आणि तृप्ती व्यासपीठावर पंचामृतानं त्यांचे पाय धुणार. चांदीचा मुलामा दिलेलं ताम्हण नाशिकच्या सराफ बाजारात बनवायला टाकलेलं. फोटोग्राफर दोन. एक माणसांचे काढायला, आणि अमितच्या शब्दांत, "एक फक्त पायांवर."

"कोपऱ्यावर फ्लेक्स लागणार, ताई," अण्णा मला म्हणाले. आवाज असा, जणू कोपऱ्यावर वॉरंट लागणार होतं. "चारशे लोकं. सगळी बागाईतदारं. त्यांच्यापुढं हे नख काढू मी? ज्यानं दुसऱ्यांच्या बागेतली भुरी बांधावरून वळखली त्याच्या सोताच्या पायाला बुरशी?"

मी म्हटलं, "अण्णा, लोक पाया पडतात तेव्हा डोळे मिटतात."

"क्यामेऱ्यावाला मिटत नाय."

खरं तर चारशे लोकांनी बघणं हा अर्धा भाग होता. दुसरा अर्धा मला त्यांच्या बाथरूमच्या दारात दिसला. तिथे दोन पायपुसणी होती. एक मऊ, गुलाबी, फुलांचं. दुसरं हिरवं, प्लास्टिकचं, जरा बाजूला सारलेलं. घरी येऊन मी सखुबाईला विचारलं.

"हिरवं अण्णांचं," ती भांडी घासता घासता म्हणाली. "आंघुळीचा मग वेगळा, साबण वेगळा. तृप्तीताईंनी कायतरी व्हिडिओ बघितला. त्यांनी मला सांगितलं, मी अण्णांना सांगितलं."

"आणि अण्णा काय म्हणाले?"

"काय म्हनणार? मोजे काढत व्हते ते परत चढवले."

म्हणजे बघा, घरात ज्या पायांना पायपुसणं वेगळं, त्याच पायांना लॉन्सवर चांदीचं ताम्हण. आमच्याकडे मान द्यायची रीतच अशी आहे, दुरून आणि उजेडात.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना रिक्षात घातलं आणि पंचवटीतल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अमितला वेळ नव्हता. तो वडिलांच्या गौरवग्रंथासाठी वडिलांच्या आठवणी गोळा करत फिरत होता. डॉक्टरीणबाईंनी मोजा उतरवायला लावला आणि निळा अंगठा उजेडात धरला.

"हा रंग कसला?"

"बोर्डो," मी म्हटलं. आणि आता त्या मला हाकलतील म्हणून पर्स सावरली. पण बाईंचं सासर निघालं निफाडचं, द्राक्षवाल्यांचं.

"किती टक्के?" त्यांनी विचारलं.

"पेस्टीचं दहा धरलं," अण्णा खुलून म्हणाले.

"प्रमाण बरोबर आहे. जागा चुकली." मग मात्र त्यांनी चांगलं झापलं. चुन्यानं कातडी भाजते, साखरेचा रुग्ण असता तर जखम चिघळून बोट घालवून बसला असता, परत असलं काही करायचं नाही. अण्णांची साखर तपासली, ती बरी निघाली. नखाचा भुगा खरवडून तपासायला पाठवला, कारण प्रत्येक पिवळं नख बुरशीचंच असतं असं नाही, असं त्या म्हणाल्या. चार-पाच दिवसांनी रिपोर्ट आला. बुरशीच होती.

"ही बुरशी नखाच्या वर बसत नाही, खाली शिरते," बाईंनी समजावलं. "तुमचा लसूण, व्हिनेगर, बोर्डो, सगळं वरच्या वर राहतं. मी नेलपॉलिशसारखं लावायचं औषध देते. नीट केलं तर खालून नवं नख येईल, स्वच्छ."

"कधी?"

"वर्ष धरा. कदाचित जास्तच."

अण्णांचा चेहरा पडला. "वर्सात माझ्या दोन छाटण्या व्हत्यात, डाक्टरीणबाई. माल निघतो, इकतो, पैसं खर्च बी व्हत्यात."

"नख वेलीपेक्षा सावकाश वाढतं, त्याला काय करणार? आणि नुसतं औषध लावून भागायचं नाही. दर पंधरवड्याला नख कापायचं, कानशीनं घासून पातळ करायचं, तरच औषध आत जाईल. पाय कोरडे ठेवायचे, मोजे सुती, रोज धुतलेले. टॉवेल, नेलकटर वेगळं."

"पायपुसणं बी?" अण्णांनी विचारलं.

"तेही वेगळं असलेलं बरं."

"म्हंजे आमची तृप्ती बरोबर हाय," ते मला म्हणाले. रागानं नाही, हिशेब जुळल्यावर माणूस बोलतो तसं.

"नख कोण कापेल घरी?" बाईंनी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं.

"मी कापतो की," अण्णा म्हणाले. इतक्या घाईनं, की माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

लक्षात आलं ते पुढल्या रविवारी, समोरून धाडकन आवाज आला तेव्हा. अमित-तृप्ती फ्लेक्सवरचा फोटो निवडायला गेले होते. दार लोटलेलंच होतं. अण्णा पलंगावर, स्टूल आडवं पडलेलं, आणि अण्णांच्या हातात लाल मुठीची छाटणीची कात्री. वेलीची काडी कापतात ती. बोटाएवढी काडी एका फटक्यात तुटते तिनं.

"अण्णा! ठेवा ती खाली!"

"खरड छाटणी करत व्हतो," ते हसून म्हणाले. हसू काही जमलं नाही. "नेलकटर त्या नखाला लागतच नाय. आन् लागलं तरी मी तिथवर लागत नाय."

मी स्टूल उभं केलं. त्यांनी पाय स्टुलावर ठेवला आणि वाकून दाखवलं. हात नडगीच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला. कंबरेनं पुढे जाऊच दिलं नाही. मला तो काठीला बांधलेला लांब ब्रश आठवला. मी आपली समजत होते, बागेची सवय म्हणून लांबून रंगवतायत.

"सगुणा व्हती तवर ही भानगडच नव्हती," अण्णा म्हणाले. "आंघूळ झाली की पाय मांडीवर घ्यायची आन् कापायची. तोंडानं शिव्या चालूच. 'काय हे खूर! बैलबाजारात उभं केलं तर गिऱ्हाईक परत जाईल.' तिच्यामागं आधी माझा हात पोचायचा. मंग निम्मा पोचायला लागला. मंग म्हनलं जाऊ दे, मोज्यात काय दिसतंय."

"आणा इकडे. मी कापते," मी नेलकटर उचललं.

अण्णांनी पाय ओढून घेतला, आणि त्या वयाला शोभणार नाही इतक्या चपळाईनं.

"नको. तुम्ही नाय, ताई."

"अहो, मुलीसारखी आहे मी तुम्हाला."

"सारखी हाय म्हनूनच नको."

"मग अमितला सांगा ना."

"त्याला काय सांगायचं?" अण्णा म्हणाले. "तो पूजा करणार हाय."

मी कात्री तेवढी आमच्या घरी नेऊन ठेवली, कढीपत्त्याला होईल म्हणून.

मध्यंतरी फ्लेक्स लागला. अण्णा त्यावर कंबरेपर्यंतच होते, त्यामुळे पायांचा प्रश्न तिथे आला नाही. वर लिहिलं होतं, "ज्यांच्या पावलांनी आम्हाला वाट दाखवली." औषध अण्णा लावत होते, तेही त्याच काठीच्या ब्रशनं, निळा रंग धुऊन. जाड नखावरून ते ओघळून पायपुसण्यावर जात होतं. हिरव्या पायपुसण्याला आता वर्षभर बुरशी लागायची नाही, एवढं नक्की.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी परत थाप पडली. अण्णा माझा वजनकाटा परत करायला आले होते, घासूनपुसून. तो काटा मी पुन्हा स्वयंपाकाला वापरणार नव्हते, पण तसं म्हटलं नाही. "चहा घ्या," म्हटलं. ते बसले, आणि चहा संपला तरी उठेनात. समोरून ध्वनिक्षेपकवाल्याशी अमितचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. कशाची तरी ट्रायल, कशाचा तरी ॲडव्हान्स.

"लपून बसलाय का अण्णा?" मी हळूच विचारलं.

"व्हय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं चिमणी चिवचिवली. दारात अमित, त्याच्यामागे तृप्ती, तिच्या हातात परातीएवढं ते ताम्हण, आणि जिन्यात कॅमेरा गळ्यात घातलेला एक माणूस.

"काकू, अण्णा आहेत का? अहो अण्णा, चला ना! फोटोग्राफर खोळंबलाय. पायांचा ट्रायल घ्यायचाय. उजेड कसा पडतो ते बघायचंय त्याला."

"उद्या बघंल की."

"उद्या कसं? उद्या चारशे माणसं. काढा बरं मोजे. उद्या काढायचेच आहेत ना?"

"उद्या मोज्यावरून धुवा."

अमितला आधी ती थट्टा वाटली. "मोज्यांवरून पंचामृत? अण्णा, काहीतरीच काय!"

"मंग बुटावरून धुवा."

"हे बघा, ताम्हण आलंय. गुरुजी ठरलेत. काकू, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना."

मी कप उचलले आणि नळ सोडला. काही वेळा भांडी घासणं ही फार मोठी सोय असते. नळ मात्र बारीक ठेवला.

तृप्ती पुढे आली. पोरगी वाईट नाही. "अण्णा, तुम्हाला नखाचं वाटतंय का? मला खरंच काही वाटत नाही तुमच्या पायांचं."

"तुला नाय वाटत," अण्णा शांतपणे म्हणाले. "पायपुसण्याला वाटतं."

नळाचं पाणी मोठं वाजायला लागलं, म्हणून मी तो बंद केला. तृप्तीच्या हातातलं ताम्हण जरा खाली आलं.

"तसं नाही हो अण्णा, ते इन्फेक्शन..."

"तुझं चुकलं नाय, पोरी. डाक्टरीणबाई बी तेच म्हनाल्या, वेगळं ठेवा. मला फक्त एवढंच कळंना, की मला सांगायला सखुबाई का लागली. मी काय तिच्या घरात ऱ्हातो?"

तृप्तीचे डोळे भरले होते. ताम्हण तिनं आमच्या डायनिंग टेबलावर ठेवलं, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी.

अमितनं जिन्यातल्या फोटोग्राफरला हातानंच थांबवलं. त्याच्या आवाजातला लॉन्सवरचा थाट पहिल्यांदाच गेला होता. "अण्णा, मग मी काय करू? कार्यक्रम नको का? तुला नको? द्राक्षं नको तोलायला? फोटोवाला नको? सांग ना." घाईत तो बापाला लहानपणासारखं 'तू' म्हणून गेला.

अण्णांनी चपला सरकवल्या. मग डाव्या पायाच्या अंगठ्यानं उजव्या मोज्याची कड धरली आणि तो खाली ढकलायला लागले. हात गुडघ्यावर ठेवलेलेच. मोजा टाचेशी अडला, परत धरला, परत ढकलला. रोज ते मोजे असे काढत असणार. आम्ही तिघं बघत राहिलो. अमितच्या तोंडाकडे पाहून कळलं, की त्यानं हे कधीच पाहिलं नव्हतं.

मोजा एकदाचा गळून पडला. पिवळं, जाड, एका बाजूनं वाढत जाऊन शेजारच्या बोटात रुतलेलं नख. फोडाचा डाग अजून होता, आणि नखाच्या कडेला कुठेतरी थोडा निळा रंगही.

अमित खाली फरशीवर बसला. उद्याच्या कार्यक्रमात त्याला पाटावर बसायचं होतं.

"मोरचूद तुम्ही ह्याच्यासाठी नेलं होतं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मला का नाही सांगितलं?"

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या चकचकीत ताम्हणाकडे.

"आता सांगतो," ते म्हणाले. "पाय धुऊ नको. माझी नखं कापून देत जा. मला वाकता येत नाय."